गाणं अर्ध्या मिनिटात तयार, पण पैसे कुणाच्या खात्यात?

(डिसेंबर २०२५ च्या भागाचा मजकूर. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये किंवा पीएमटीत उभं राहून ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज आकडे थोडे जास्त आहेत. वाचत असाल तर तुमची मजा आहे, आकडा निसटला तर वर स्क्रोल करता येईल.

आपण इथे दर वेळी स्टार्टअप, टेक, पैसा आणि म्युझिक अशा चार वेगवेगळ्या बातम्या घेतो. या वेळी चारही खान्यांत बसणारी एकच बातमी आहे, त्यामुळे पूर्ण भाग तिलाच देतोय. विषय आहे एआयने बनवलेली गाणी.

आधी तारखा. २९ ऑक्टोबरला युनिव्हर्सल म्युझिकने युडिओ या एआय स्टार्टअपबरोबर कोर्टातलं भांडण मिटवलं आणि भागीदारी जाहीर केली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुनो या दुसऱ्या स्टार्टअपने २५ कोटी डॉलर उभे केले आणि कंपनीची किंमत ठरली २४५ कोटी डॉलर, म्हणजे आपल्या हिशोबात एकवीस-बावीस हजार कोटी रुपये. २५ नोव्हेंबरला वॉर्नर म्युझिकने त्याच सुनोबरोबर समेट केला. आणि ८ डिसेंबरला आपल्या दिल्लीत, केंद्र सरकारच्या उद्योग विभागाने एआय आणि कॉपीराइटवर एक मसुदा लोकांसमोर ठेवला. चार तारखा, धागा एकच. तो उलगडू.

भांडण कशावरून सुरू झालं?

सुनो किंवा युडिओ वापरलं नसेल तर थोडक्यात सांगतो. तुम्ही टाइप करता, 'आमच्या मंडळाच्या गणपतीसाठी ढोल-ताशा असलेलं जोरदार गाणं, मंडळाचं नाव कडव्यात आलं पाहिजे.' अर्ध्या मिनिटात, फार तर मिनिटाभरात गाणं हातात. शब्द, चाल, वाद्यं, आवाज, सगळं. मराठीतसुद्धा. उच्चार कधी कधी अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या भाच्यासारखे येतात, पण मंडळाच्या स्पीकरवर ते कोण ऐकतंय!

आतून हे कसं चालतं? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे दोन मिनिटं द्या. ढोबळमानाने सांगायचं तर मॉडेलला प्रचंड संख्येने गाणी ऐकवतात. त्यातून ते शिकतं की अशा ठेक्यानंतर काय येतं, असा शब्द कसा गातात, लावणीची ढोलकी आणि भजनाचा पखवाज यांत फरक काय. गाणी आत फाइल म्हणून साठवलेली नसतात. त्यांच्यातले नमुने कोट्यवधी आकड्यांमध्ये मुरलेले असतात. कांदा-लसूण मसाला एकदा रश्श्यात गेला की त्यातला धणा वेगळा काढता येत नाही ना, तसं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या वाटणीत तो परत येणार आहे.

प्रश्न असा की ती शिकायची गाणी आली कुठून? २४ जून २०२४ ला युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या जगातल्या तिन्ही बड्या कंपन्यांनी सुनोवर बॉस्टनमध्ये आणि युडिओवर न्यूयॉर्कमध्ये खटले टाकले. मागणी होती, एकेका गाण्यामागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई. सुनोने ऑगस्टमध्ये कोर्टात दिलेलं उत्तर तर भारी होतं. त्यांनी जवळपास मान्यच केलं की इंटरनेटवर उघडपणे मिळणारं, बऱ्या दर्जाचं जे संगीत आहे ते बहुतेक सगळं आम्ही ट्रेनिंगला वापरलं. त्यांचं म्हणणं, हे शिकणं आहे, चोरी नाही, आणि अमेरिकी कायद्यात याला 'फेअर यूज' म्हणून जागा आहे.

मला वाटलं होतं, आता दोन-तीन वर्षं घमासान चालेल आणि एखादा मोठा निकाल येईल. वॉर्नरपुरता तरी तो येणार नाही, कारण फिर्यादीच भागीदार झाला. युनिव्हर्सल आणि सोनीचे सुनोवरचे खटले मात्र अजून चालू आहेत.

समेट झाला, मग युजरचं काय झालं?

आता गंमत ऐका. युडिओ-युनिव्हर्सल करार जाहीर झाला त्याच वेळी युडिओने डाउनलोड बंद केले. लोकांनी महिन्याचे पैसे भरून तिथे गाणी बनवली होती, ती एका दिवसात आत अडकली. इतका आरडाओरडा झाला की कंपनीने नोव्हेंबरच्या सुरुवातीला ४८ तासांची खिडकी उघडली, 'घ्या, उतरवून घ्या आपापली गाणी.' यापुढे तिथलं गाणं तिथेच ऐकायचं, बाहेर न्यायचं नाही.

सुनोनेही वॉर्नरबरोबरच्या करारानंतर सांगितलं की २०२६ मध्ये लायसन्स घेतलेली नवी मॉडेल्स येतील. फुकट खात्यावरचं गाणं ऐकता येईल, शेअर करता येईल, पण उतरवता येणार नाही. पैसे भरणाऱ्यांनाही डाउनलोडला मर्यादा असेल. कलाकारांबद्दल सांगितलंय की ज्यांची संमती असेल त्यांचेच आवाज आणि नाव वापरू.

मला यात पॅटर्न दिसतो. आधी सगळं फुकट, मोकळं रान. गर्दी जमली, गुंतवणूक आली की मग कुंपण. आपण जिओचं फुकट डेटाचं वर्ष बघितलंय, गाण्यांच्या अ‍ॅपचेही दिवस बघितलेत. २०२२ मध्ये गानाने फुकट सेवा बंद केली. रेसो जानेवारी २०२४ च्या शेवटी भारतातून गेलं. त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळायचं ठरवलं. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे प्लेलिस्ट जमवल्या त्यांना विचारा. अ‍ॅपमधलं काही आपलं नसतं, आपण भाडेकरू असतो.

'एआय गाणं कोण ऐकतं?' याचं उत्तर

बरेच जण म्हणतात, 'अरे, माणसाच्या गाण्याला भाव असतो, मशीनचं कोण ऐकणार?' ठीक आहे, आकडे बघू.

डीझर ही फ्रान्सची स्ट्रीमिंग कंपनी. एआय गाणी ओळखणारं स्वतःचं टूल तिच्याकडे आहे, त्यामुळे तिचे आकडे कामाचे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तिच्याकडे रोज साधारण १० हजार पूर्णपणे एआयने बनवलेली गाणी येत होती. नोव्हेंबरमध्ये तो आकडा ५० हजार झाला, म्हणजे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी ३४ टक्के. तिने इप्सॉसबरोबर आठ देशांत नऊ हजार लोकांची पाहणी केली, तर ९७ टक्के लोकांना एआयचं गाणं आणि माणसाचं गाणं यातला फरक ओळखता आला नाही.

पण थांबा. हीच कंपनी सांगते की एवढी गाणी येऊनही ऐकण्यातला त्यांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का आहे. आणि त्या अर्ध्या टक्क्यातलेही ७० टक्क्यांपर्यंत प्ले खोटे, बॉटने केलेले. माणूस ऐकतच नाहीये! मग ही गाणी कुणासाठी बनतायत?

इथे नॉर्थ कॅरोलिनातली केस बघण्यासारखी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने एका माणसावर आरोप ठेवले. आरोपपत्राप्रमाणे त्याने एआयकडून लाखांनी गाणी बनवून घेतली, हजारो खोटी खाती उघडली आणि बॉटकडून ती गाणी दिवसरात्र वाजवली. यातून त्याने एक कोटी डॉलरपेक्षा जास्त रॉयल्टी घेतली असा आरोप आहे. एकच गाणं अब्ज वेळा वाजलं तर कुणालाही संशय येईल. लाखो गाणी प्रत्येकी थोडी थोडी वाजली तर लक्षात येत नाही. म्हणून त्याला एआय हवं होतं. चांगल्या गाण्यासाठी नाही, भरपूर गाण्यांसाठी.

पैसे कसे वाटले जातात, एक छोटा हिशोब

तुम्ही म्हणाल, बुडाले तर स्पॉटिफायसारख्यांचे पैसे बुडाले, आपल्याला काय? तर नाही. बहुतेक स्ट्रीमिंग अ‍ॅप 'एका प्लेला इतके पैसे' असा ठरलेला दर देत नाहीत. महिन्याचा एक गल्ला असतो. तो एकूण प्लेने भागायचा आणि ज्याचे जितके प्ले तितका त्याचा वाटा. आपल्या भिशीसारखं समजा.

आता सोपे, काल्पनिक आकडे घेऊ. गल्ला १ लाख रुपये. एकूण प्ले १० लाख. म्हणजे एका प्लेला १० पैसे. नांदेडच्या एका मुलीची गाणी २० हजार वेळा वाजली. तिचे झाले २ हजार रुपये. पुढच्या महिन्यात गल्ला तेवढाच, तिचे ऐकणारेही तेवढेच. फक्त कुणीतरी बॉट लावून अडीच लाख खोटे प्ले वाढवले. एकूण झाले साडेबारा लाख. एका प्लेला ८ पैसे. तिच्या हातात आले १,६०० रुपये.

तिचं गाणं वाईट झालं नाही, ऐकणारा कमी झाला नाही, तरी ४०० रुपये गेले. आणि ते कुठे गेले हे तिला कधीच कळणार नाही, कारण तिच्या डॅशबोर्डवर फक्त तिचे आकडे दिसतात.

कंपन्या गप्प बसल्यात असं नाही. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की वर्षभरात साडेसात कोटी स्पॅम ट्रॅक काढले, आणि दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करून टाकलेल्या गाण्यांवर नियम कडक केले. पण २०२४ पासून तिथे असाही नियम आहे की एखादं गाणं बारा महिन्यांत १,००० वेळा वाजलं नाही तर त्याचा वाटा शून्य. कारण स्पॅम रोखणं हेही होतं. पण नव्याने सुरुवात करणाऱ्या, अहिराणीत किंवा मालवणीत गाणाऱ्या पोरालाही तीच चाळणी लागते.

आपल्याकडे काय चाललंय?

आपल्याकडे या बाबतीत मुंबई हायकोर्ट बऱ्यापैकी पुढे आहे. २६ जुलै २०२४ ला अरिजित सिंगच्या प्रकरणात कोर्टाने अंतरिम आदेश दिला. काही वेबसाइट लोकांना 'तुमचा आवाज अरिजितच्या आवाजात बदला' अशी सोय देत होत्या. कोर्टाने सांगितलं, गायकाचा आवाज, नाव, शैली हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे, संमतीशिवाय एआयने त्याची नक्कल करून धंदा करता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच कोर्टाकडून असंच संरक्षण मिळालं. वयाच्या ९२ व्या वर्षी, एवढी कारकीर्द झाल्यावर, 'माझा आवाज माझा आहे' हे सांगायला कोर्टात जावं लागतं!

दुसरी बाजूही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमानने 'लाल सलाम' या तमिळ सिनेमाच्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. त्याने सांगितलं की कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. तंत्रज्ञान तेच. फरक फक्त विचारण्याचा आणि पैसे देण्याचा.

पण आशाताई आणि अरिजित कोर्टात जाऊ शकतात. माझा एक मित्र पिंपरीत घरातल्या एका खोलीत स्टुडिओ चालवतो. भिंतीला फोम, दाराला गोधडी. दुकानांच्या जिंगल, मंडळांची गाणी, लग्नाच्या व्हिडिओचं म्युझिक, यावर त्याचं घर चालतं. या वर्षी गणपतीच्या आधी दोन मंडळांनी त्याला फोन केला, आणि काम काय तर सुनोवर बनवलेल्या गाण्याचा 'फक्त आवाज मोठा करून द्या, बेस वाढवा.' आधी जे काम पूर्ण गाण्याचं होतं त्याचे आता पाचशे रुपये. त्याचा आवाज कुणी चोरला नाही, त्यामुळे कोर्टात जायला त्याच्याकडे मुद्दाच नाही. त्याचं काम गेलं, आवाज नाही.

म्हणून मला ८ डिसेंबरचा मसुदा महत्त्वाचा वाटतो. उद्योग विभागाच्या समितीचं म्हणणं ढोबळपणे असं: एआय कंपन्यांना ट्रेनिंगसाठी कायदेशीर मिळवलेलं सगळं साहित्य वापरू द्या. निर्मात्यांना 'नाही' म्हणता येणार नाही. पण त्या बदल्यात कंपन्यांनी कमाईतून रॉयल्टी द्यायची. दर सरकारने नेमलेली समिती ठरवणार, गोळा एक केंद्रीय संस्था करणार आणि वाटणार. लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. नॅसकॉमने यावर वेगळं मत नोंदवलंय.

अमेरिकेत कलाकाराला 'हो-नाही' म्हणायचा हक्क कागदावर तरी मिळतोय, पण चावी लेबलच्या हातात. आपल्याकडे 'नाही' म्हणायचा हक्क जाणार, पण पैशाचं वचन कायद्यात येईल. कोणतं बरं?

माझं मत सांगतो. पैशाचं वचन चांगलं आहे, पण मघाचा मसाला आठवा. मॉडेलच्या आत कोणत्या गाण्याचा किती वाटा आहे, हे आज विश्वासाने मोजून सांगता येत नाही. मग गोळा झालेले पैसे वाटायचे कशावर? साहजिकच, सोप्या आकड्यावर. कुणाचं जास्त वाजतं, कुणाची नोंद आहे. म्हणजे परत मोठे कॅटलॉग असलेले पुढे, आणि ज्याची नोंदच नाही तो यादीतच नाही. नांदेडची मुलगी आणि पिंपरीचा मित्र त्या मसुद्यात कुठे आहेत, हा माझा प्रश्न आहे.

टेबलावर खुर्ची असली की काय होतं याचं एक उदाहरण देतो. बड्या लेबलांकडे स्पॉटिफायचे शेअर होते. २०१८ मध्ये स्पॉटिफाय शेअर बाजारात आल्यावर वॉर्नरने सगळे विकले, सुमारे ५० कोटी डॉलर मिळाले. आता हे शेअर लेबलांना मिळाले कशामुळे? कलाकारांच्या गाण्यांमुळे. त्याच वर्षी टेलर स्विफ्टने युनिव्हर्सलशी करार करताना अट घातली: तुम्ही स्पॉटिफायचे शेअर विकाल तेव्हा त्यातला हिस्सा कलाकारांना द्यायचा, आणि जुन्या उचलीत तो वळता करून घ्यायचा नाही. फक्त तिला नाही, सगळ्या कलाकारांना. ती टेलर स्विफ्ट होती म्हणून ऐकलं. आता एआय स्टार्टअपबरोबर करार होतायत, तिथे ही अट कोण घालणार?

गाणी करत असाल तर ही तीन कामं करा

एक. गीतकार किंवा संगीतकार असाल तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाण्याची नोंद करा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिलाय जो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी जोर लावला होता. हा हक्क आहे, पण नोंद नसेल तर पैसे तुमच्यापर्यंत पोचणार कसे?

दोन. करार वाचा. त्याच दुरुस्तीत आणखी एक चांगली गोष्ट आहे: करार करताना जो माध्यमाचा प्रकार अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हता, तो करारात स्पष्ट लिहिला नसेल तर त्याचे हक्क समोरच्याकडे जात नाहीत. एआय ट्रेनिंग त्यात बसतं का, हे कोर्टात ठरायचंय. पण हल्लीच्या करारांत 'एआय', 'मशीन लर्निंग', 'आवाजाचं मॉडेल' असे शब्द दिसले की सही करायच्या आधी थांबा. दहा हजार रुपयांसाठी आवाज कायमचा देऊ नका. शंका असेल तर वकिलाला दाखवा, मी वकील नाही.

तीन. एआय टूल वापरत असाल, आणि वापरा, त्यात पाप नाही, तर प्रत्येक फाइल आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. युडिओच्या लोकांना ४८ तास मिळाले. पुढच्या वेळी तेवढेही मिळतील असं नाही.

आणि फक्त ऐकणारे असाल तर? उद्योग विभागाच्या मसुद्यावर कुणीही मत पाठवू शकत होतं, त्याला कलाकार असावं लागत नव्हतं. 'गाण्यावर एआयचं लेबल हवं' आणि 'वाटणीचे आकडे उघड हवेत', एवढी दोन वाक्यं पाठवली असती तरी पुष्कळ झालं असतं. उरलं ते सोपं. ओळखीतल्या कुणी गाणं टाकलं असेल तर स्टोरीवर हार्ट टाकून थांबू नका. अ‍ॅपवर जाऊन पूर्ण ऐका. त्या हजारच्या आकड्यात तुमचा एक धरला जातो.

पुढच्या भागात आपण फ्युचर्स-ऑप्शन्सवर बोलू. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये तिथे १० पैकी ९ छोटे ट्रेडर तोट्यात गेले, असं सेबीच सांगते, तरी गर्दी का हटत नाही, ते बघू. तुमच्या गावात, मंडळात एआयचं गाणं वाजलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, ऐकायला आवडेल. चला, भेटू. काळजी घ्या.